चार तारा, एक दोरा

सुनेच्या मापाचा तानपुरा करून घ्यायला एक सुतार सासरा येलदरीहून मिरजेला गेला होता. जवळजवळ साठ वर्षांनी तोच तानपुरा दुरुस्तीसाठी पुन्हा मिरजेला नेला, तेव्हा नातीला आपल्याच आईची एक गोष्ट नव्याने कळली...

"ताई, भोपळ्यात आतून बल्ब बसवायचा. संध्याकाळी लावला की हॉलचा सगळा कोपरा उजळून निघेल. अहो, अँटिक पीस आहे हा!"

आई गेल्यानंतर येलदरीचं घर आवरायला आम्ही भावंडं जमलो होतो. धाकट्या भावाच्या ओळखीचे एक गृहस्थ जुनं लाकूडसामान बघायला आले होते. त्यांना पाट नको होते, आबांची हत्यारांची पेटी नको होती. माळ्यावरून खाली काढलेला, आईच्या जुन्या पातळात गुंडाळलेला तानपुरा मात्र त्यांच्या मनात भरला. किंमतही बरी सांगत होते. भाऊ माझ्याकडे बघत होता. वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, घरात कुणी गाणारं नाही. वाळवी लागण्यापेक्षा कुणाच्या घरात शोभेल तरी."

तिचं काही चुकत नव्हतं. आपल्या सगळ्यांच्याच घरात अशी एखादी वस्तू असते. ठेवायला जागा नसते, टाकवत नाही आणि वापरता येत नाही. पण मला "द्या" म्हणवेना आणि "नको" म्हणायलाही तोंड उघडेना. कारण त्या भोपळ्यावर एक लांब तडा होता. तो माझ्यामुळे गेला होता. आणि त्या तड्यापायीच आईचं गाणं थांबलं, हे ओझं मी वयाच्या अकराव्या वर्षापासून वागवत आले होते.

सुनेच्या मापाचं वाद्य

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आहे. १९६८ साली ते पूर्ण झालं. पायथ्याला साडेसात मेगावॅटच्या तीन संचांचं वीजघर आहे. माझे आजोबा, ज्यांना अख्खी कॉलनी आबा म्हणायची, ते या धरणाच्या कामावर सुतार मेस्त्री होते. काँक्रीट ओतायच्या आधी जे लाकडी साचे उभे करतात, ते त्यांचं काम. माळकरी माणूस. संध्याकाळी हात धुतले की कॉलनीतल्या भजनाला हजर.

१९६५ साली आई लग्न होऊन परभणीहून या कॉलनीत आली. माहेरी ती गाण्याच्या क्लासला जायची. प्रवेशिकेची परीक्षा झाली होती. पुढे शिकायचं मनात होतं, तेवढ्यात स्थळ आलं. त्या काळात बहुतेकींचं असंच व्हायचं. पेटी, तबला, तंबोरा माहेरीच राहायचे आणि मुलगी भांड्यांचा सेट घेऊन सासरी यायची.

आई चुलीपुढे बसून गुणगुणायची. आबांनी ते ऐकलं. बरेच दिवस काही बोलले नाहीत. मग एका रविवारी त्यांनी आईला चौरंगासमोर मांडी घालून बसायला सांगितलं आणि कनवटीचा टेप काढून माप घेतलं. जमिनीपासून खांद्यापर्यंत, मांडीपासून कानापर्यंत, हाताच्या लांबीचं. आईला वाटलं, सासरे देवघराचं कपाट करताहेत! त्यानंतर कॉलनीतल्या पेटीवाल्या गुरुजींना घरी बोलावलं, आईला सा लावायला सांगितला आणि एका चिठ्ठीवर लिहून घेतलं, 'काळी चार'.

त्या वर्षी, म्हणजे १९६६ साली, आषाढीला पंढरपूरला गेलेले आबा परस्पर पुढे मिरजेला गेले. तेव्हा लातूरहून कुर्डुवाडी, पंढरपूर करत मिरजेपर्यंत बार्शी लाइटची छोटी गाडी धावायची. (पुढे टप्प्याटप्प्याने तो मार्ग ब्रॉडगेज झाला.) मापाचा कागद आणि चिठ्ठी कारागिरापुढे ठेवून आबा म्हणाले म्हणे, "बाईमाणसाच्या मापाचा पाहिजे. मी सुतार आहे, लाकूड बघून घेईन." दीड महिन्याचा पगार त्यात गेला. आषाढीला ऑर्डर दिली आणि कार्तिकीला जाऊन तानपुरा आणला. वाकळीत गुंडाळून, मांडीवर घेऊन. डब्यातल्या वारकऱ्यांना वाटलं, दिंडीतली वीणाच आहे. मिरजेपासून लातूरपर्यंत माणसं येऊन त्याच्या पाया पडत होती! आबा हे फार रंगवून सांगायचे.

घरी मात्र सगळ्यांनीच काही पाया पडून स्वागत केलं नाही. आबांच्या थोरल्या बहिणीने, आमच्या आत्याआजीने, पहिल्याच दिवशी तोंड सोडलं. "आपल्यातल्या बाया जात्यावर गातात. तंबोऱ्यावर न्हाई."

आबा शांतपणे म्हणाले, "अक्का, जात्याला खुंटा एक असतो, ह्याला चार. फरक तेवढाच."

त्यानंतर त्या घरात या विषयावर कुणी बोललं नाही.

गाण्याच्या मागचा आवाज

ज्यांनी तानपुरा फक्त गायिकेच्या मागे उभा पाहिलाय, त्यांच्यासाठी थोडं सांगते. तानपुऱ्यावर गाणं वाजत नाही. त्याला चार तारा असतात आणि त्या मोकळ्याच छेडायच्या. पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या म्हणजे जोडीच्या, शेवटची खर्जाची. काही रागांत पंचमाच्या जागी मध्यम किंवा निषाद लावतात. बस, एवढंच. पण त्या चार तारांचा जो गुंजारव उठतो, त्यात गाणाऱ्याला आपला सूर सापडतो.

बायकांचा आवाज उंच पट्टीचा. त्यामुळे त्यांचा तानपुरा पुरुषांच्या तानपुऱ्यापेक्षा लहान असतो, भोपळाही लहान. पुरुषी मापाच्या तानपुऱ्याच्या तारा काळी चारपर्यंत चढवायला गेलं तर त्या ताणाने तुटायच्या. म्हणून आबांच्या चिठ्ठीला महत्त्व होतं. तो तानपुरा आईच्या आवाजासाठी आणि आईच्या मांडीसाठी घडवला होता. आजच्या भाषेत 'कस्टम मेड'!

हा शब्द माझ्या लेकीचा. ती पुण्यात नोकरी करते आणि गिटार वाजवते. गेल्या वर्षी तिने पैसे साठवून एका कारागिराकडे हाताने घडवलेली गिटार सांगितली. "आई, माझे हात लहान आहेत ना, म्हणून मान बारीक करून घेतेय. लाकूडही मी निवडलंय." मी हसले. म्हटलं, पणजोबांच्या वळणावर गेलीस! तिला ही टेपची गोष्ट तोवर माहीतच नव्हती. तीच त्या दिवशी येलदरीला माझ्याबरोबर होती. त्या गृहस्थांचं बल्बचं बोलणं ऐकून तिने तानपुरा आपल्या मांडीवर ओढला आणि म्हणाली, "काका, हा विकायचा नाहीये." मला जे बोलता आलं नाही, ते ती बोलून मोकळी झाली.

उन्हाळ्याची दुपार

तडा कसा गेला, ते सांगायलाच हवं.

मे १९८०. परभणीचा उन्हाळा म्हणजे दुपारी दारं-खिडक्या लावून पडून राहायचं. आई झोपली होती. आम्ही मुलं 'आकाशवाणी, आकाशवाणी' खेळत होतो. भाऊ निवेदक आणि मी गायिका. आईला रेडिओवर हिराबाई बडोदेकरांचं गाणं लागलं की हातातलं काम विसरायला व्हायचं. हिराबाईंचा जन्म मिरजेचा, १९०५ सालचा. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची ही लेक. तिकीट लावून जाहीर मैफली करण्याची वाट बायकांसाठी त्यांनी मोकळी केली. आई हे अभिमानाने सांगायची. तेव्हा साहजिकच मी हिराबाई झाले. तानपुरा भिंतीपासून उचलला, तो मला पेलला नाही आणि भोपळा उंबरठ्यावर आपटला. नारळ फुटावा तसा आवाज झाला.

आई धावत आली. एक शब्द बोलली नाही. "तुला लागलं का?" एवढंच विचारलं. मग तानपुरा आपल्या जुन्या पातळात गुंडाळला आणि आबांच्या खोलीत नेऊन ठेवला. काही दिवसांनी तो माळ्यावर गेलेला दिसला. मी वाट बघत होते, मार पडेल, निदान कुणी ओरडेल. कुणीही ओरडलं नाही. त्यानंतर आईला तानपुऱ्यावर गाताना मी कधी पाहिलं नाही. कॉलनीतल्या हळदीकुंकवाला बायका आग्रह करायच्या, "म्हणा ना एखादं." आई हसून म्हणायची, "आता सराव नाही राहिला."

तीन वर्षांनी आबा गेले. मी शिकायला परभणीला हॉस्टेलवर गेले. १९९१ साली माझं लग्न झालं. वडील निवृत्त झाल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सोडून त्यांनी येलदरीतच छोटं घर बांधलं. तिथेही तानपुरा माळ्यावरच. कधीतरी विचारीन, माफी मागीन म्हणता म्हणता वर्षं गेली. विचारायला गेलं की आई विषय बदलायची आणि मला ते पटायचं, की अजून तिच्या मनात आहे म्हणून!

सतारमेकर गल्लीत

लेकीने गाडी काढली. मागच्या सीटवर गादी टाकून तानपुरा निजवला आणि आम्ही मायलेकी मिरजेला निघालो. वाटेत पंढरपूर लागलं. तानपुऱ्याचे भोपळे याच भागातून, भीमेकाठच्या शेतांतून मिरजेला जातात. हे खायचे भोपळे नव्हेत. जाड सालीचे, कडू जातीचे. वेलीवर वाढतानाच ते नीट बसते करावे लागतात, नाहीतर आकार बिघडतो. काढल्यावर कित्येक महिने वाळवतात. मग पाण्यात भिजवून मऊ करायचे, कापायचे, आतला गर खरवडायचा, तोंड आक्रसू नये म्हणून आत काटक्यांचा आधार देऊन पुन्हा वाळवायचे. त्यावर लाकडी गळा आणि दांडी जोडायची, पुढे तबली बसवायची. सरसाने सांधे जोडायचे. नक्षी, लाखेचं पॉलिश. सगळं हाताने. एक चांगला तानपुरा व्हायला तीन-चार आठवडे सहज लागतात.

मिरजेत हे काम सुरू झालं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. हत्यारांना धार लावणारं, ढाली-तलवारी घासूनपुसून देणारं शिकलगार घराणं होतं. तलवारींचा जमाना संपत आला तसा फरीदसाहेबांनी वाद्यदुरुस्तीत आणि मग वाद्य घडवण्यात हात घातला. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता. शिकलगारांचे सतारमेकर झाले. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत येऊन राहिले. गायक तर ते थोर होतेच, शिवाय तानपुरा दुरुस्त करण्यातही त्यांचा हात उत्तम चालायचा. १९३७ साली ते गेले. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पैठणीला मिळालं होतं, तसंच हे.

आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते सत्तरीतले चाचा. दुकान जेमतेम दहा बाय बाराचं. भिंतीला टेकलेले भोपळे, खाली लाकडाचा भुसा, सरसाचा वास. आबांच्या खोलीला हाच वास असायचा. मला एकदम भरून आलं.

चाचांनी पातळ सोडलं, भोपळ्यावर टिचकी मारली, दांडीवरून हात फिरवला. म्हणाले, "मिरजेचाच आहे. चीज चांगली आहे, ताई. तड्याचं काही विशेष नाही."

"विशेष नाही म्हणजे?"

"म्हणजे हा आधीच दुरुस्त झालाय."

मला कळेना. त्यांनी तारा उतरवल्या, तबलीची कड ओली करून हलकेच उकलली आणि बॅटरीचा उजेड आत टाकला. मी वाकून बघितलं. तड्यावर आतून सरसात भिजवलेलं कापड चिकटवलं होतं. आणि त्याच्यावर आडव्या, बोटभर लांबीच्या लाकडाच्या तीन पट्ट्या. कडा गोल केलेल्या, घासून गुळगुळीत.

"हे आमच्यातल्या माणसाचं काम नाही," चाचा म्हणाले. "पण सुतार पक्का होता. तबली उकलून परत बसवलीय, कळतसुद्धा नाही. तडा तिथंच थांबला. आवाजाला काही धक्का नव्हता."

आबा! म्हणजे त्याच उन्हाळ्यात, आपल्या खोलीत दार लावून त्यांनी तो नीट केला होता. माझ्यामुळे फुटलेला तानपुरा महिन्याभरात वाजता झाला होता. मग आई का गायली नाही?

पिवळा दोरा

चाचांनी घोडी उजेडात धरली. घोडी म्हणजे तबलीवरचा पूल, ज्याच्यावरून तारा जातात. तानपुऱ्याची सगळी जादू या दोन बोटं रुंदीच्या तुकड्यात असते. घोडीची पाठ सपाट नसते, तिला अगदी पुसट उतार असतो. तार त्या उताराला चाटून जाते आणि तिच्यातून स्वरांवर स्वर उमटत राहतात. यालाच जवारी म्हणतात. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं होतं. एरवी तार जिथे छेडावी त्यावरून तिच्यातले काही उपस्वर गळून जातात, पण आपल्या या वाद्यांत घोडीच्या उतारामुळे तेही ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं. जवारी नेमकी लागावी म्हणून तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा किंवा रेशमाचा बारीक दोरा सरकवतात. तो केसभर पुढेमागे केला की आवाज एकदम खुलतो. दोरा झिजतो, तुटतो. वाजवणाऱ्याला तो अधूनमधून बदलावा लागतो.

"तुम्ही म्हणता चाळीस-पंचेचाळीस वर्षं बंद होता," चाचा म्हणाले. "नाही ताई. घोडीवर खाचा बघा किती खोल आहेत. तार वर्षानुवर्षं वाजल्याशिवाय एवढी खाच पडत नाही. आणि पोलादी तारा पण नंतर बदलल्यात. फक्त खर्जाची पितळी जुनी आहे. हा वाजत होता."

मग त्यांनी चिमट्याने चारही दोरे काढून माझ्या तळहातावर ठेवले.

हळदीच्या रंगाचे. रेशमी.

माझ्या लग्नाच्या शालूवरचं ब्लाउज आईने स्वतः मशीनवर शिवलं होतं. त्या हळदी रंगाच्या दोऱ्यासाठी परभणीची सगळी दुकानं पालथी घातली होती. मिळाली तेव्हा तिने मुद्दाम दोन रिळं घेतली, एक उरलं. ते मला नीट आठवत होतं. म्हणजे १९९१ नंतर कधीतरी आईने माळ्यावरून तानपुरा काढला होता, जवारी लावली होती, दोरा सरकवला होता.

त्या रात्री मिरजेच्या लॉजवरून येलदरीला शेजारच्या मावशींना फोन लावला. आईच्या वयाच्या त्या, तीस वर्षांचा शेजार. मी विचारलं तशा हसल्याच.

"कळलं का शेवटी? अगं, दुपारी लाइट गेली की काढायची बघ. तेव्हा ते लोडशेडिंग होतं न्हवं? गावात वीजघर अन् घरात अंधार! टीव्ही बंद, पंखा बंद. तुझे बाबा पारावर जायचे. मंग तुझी माय दार लोटून बसायची. मी मागच्या पायरीवर बसून ऐकायचे. कैक वर्षं चाललं. हात दुखायला लागल्यावर बंद झालं."

"मावशी, मला कुणीच का सांगितलं नाही? मला वाटायचं, माझ्यामुळे तिचं गाणं..."

"मी म्हणलं होतं तिला, पोरीला कामून सांगत न्हाईस, तिच्या जिवाला लागून राहिलंय. तर म्हणाली, सांगितलं की सगळे म्हणतील, मंग म्हण की आमच्यासमोर. हळदीकुंकवाला म्हण, गणपतीत म्हण, नातीला शिकव. म्हणली, सगळं सगळ्यांसाठी केलं. हे एक राहू द्या."

फोन ठेवला आणि मी बराच वेळ तशीच बसून राहिले. अकरा वर्षांच्या पोरीने स्वतःला केलेली शिक्षा मी छप्पन्नाव्या वर्षापर्यंत भोगत होते. आणि आई? खरं सांगू, एक क्षण तिचा रागही आला. एका वाक्याने मी मोकळी झाले असते. पण मग वाटलं, संसारात तिच्या एकटीच्या मालकीचं काय होतं? कपाट सगळ्यांचं, रेडिओ सगळ्यांचा, स्वयंपाकघरसुद्धा सगळ्यांचं. आबांनी जे माप घेतलं होतं ते तिच्या एकटीचं होतं. तेवढं तिने कुणाला वाटून दिलं नाही.

घासायची की बदलायची?

दुसऱ्या दिवशी चाचांनी मला दोन पर्याय दिले. घोडी नवी बसवायची, नाहीतर हीच घासून पुन्हा जवारी काढायची. खाचा तशाच ठेवल्या तर तानपुरा नुसता भिणभिणत राहील, बोलणार नाही.

"नवी बसवा," मी लगेच म्हटलं. जुनी घोडी मी डबीत जपून ठेवणार होते. त्या खाचा आईच्या होत्या. तिच्या दुपारी त्यात होत्या. त्या घासून टाकायच्या?

चाचा म्हणाले, "तुमची मर्जी. पण ही शिंगाची आहे. वन्यजीव कायद्यानंतर असा माल मिळत नाही. आता आम्ही हाड वापरतो, लाकूड, फायबर. हिच्यात अजून दोन-तीन जवाऱ्या निघतील. तुमच्या आईच्या आधी पण ही घासलेलीच होती, नंतरही घासायचीच. घोडी घासायसाठीच असते."

लेक माझ्याकडे बघत होती. एक गोष्ट लक्षात आली. मी घोडी डबीत ठेवायला निघाले होते आणि ते गृहस्थ भोपळ्यात बल्ब बसवायला. दोघांच्याही हातून तानपुऱ्याचा आवाज जाणारच होता. त्यांचं निदान सरळ होतं, माझ्या करण्याला मी आठवण म्हणत होते.

म्हटलं, "घासा."

कानशीचे हलके हात, मग पॉलिश पेपर. मधेच तार ताणून ऐकायचं, मान हलवायची, पुन्हा दोन हात. पांढुरकी पूड त्यांच्या लुंगीवर पडत होती. माझ्या डोळ्यांदेखत त्या खाचा गेल्या. शेवटी नवा पांढरा दोरा सरकवला, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एकदम त्या दहा बाय बाराच्या खोलीत तो आवाज भरला. काळी चार. लेकीच्या अंगावर काटा आला. ती म्हणाली, "आई, गिटारला मी कितीही पैसे घातले तरी हे येणार नाही गं." चाचा हसले. "येईल की. साठ वर्षं वाजवा."

आता फोनमध्ये तानपुरा मिळतो. बंगलोरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला, तेव्हापासून घरोघरी रियाजाची सोय झाली. माझी त्याबद्दल तक्रार नाही. लाकडी तानपुरा परवडायला हवा, ठेवायला जागा हवी आणि लावताही यायला हवा. पण कारागिराकडे मापाने करून घेतलेल्या वाद्यात घडवणारा, आणणारा, वाजवणारा, फोडणारा आणि सांधणारा असे सगळे राहतात. आमच्या तानपुऱ्यात आबांच्या तीन पट्ट्या आहेत. चाचांनी त्या काढल्या नाहीत. "चांगलं काम मोडायचं नसतं," म्हणाले.

तानपुरा आता माझ्याकडे आहे. मी गाणं शिकलेली नाही आणि माझा आवाज काळी चारला पोचतही नाही. चाचांनी सांगितलं म्हणून तारा थोड्या उतरवून घेतल्या आहेत. गल्लीतल्या बाईंकडे लावायला शिकतेय. दोन्ही जोडीच्या तारा एकमेकींत मिसळल्या की काय होतं, ते कळायला लागलंय. पहिला पांढरा दोरा गेल्या महिन्यात तुटला. आईच्या मशीनचा खण उघडला, तर ते हळदी रंगाचं रीळ तिथेच होतं.

परवा वहिनी आली होती. म्हणाली, "वन्सं, ऐकवा ना काहीतरी."

मी म्हटलं, "अगं, सराव कुठाय!"

दुपारी घरात कुणी नसतं. मी दार लोटून अर्धा तास बसते. काय गाते, ते मात्र विचारू नका.

तानपुरा घरात असेल तर...

- बरेच दिवस वाजवणार नसाल तर तारा थोड्या सैल करून ठेवा. सतत ताण राहिला तर तबली दबते, दांडीला बाक येतो.
- खिडकीच्या उन्हात किंवा कूलरसमोर ठेवू नका. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आणि भोपळा उकलतो, पावसाळ्यात सांधे सुटतात.
- भिंतीला नुसता टेकवून ठेवू नका. गादीवर आडवा, नाहीतर खोळ घालून कोपऱ्यात पक्क्या आधाराने ठेवा.
- कोरड्या मऊ सुती फडक्याने पुसा. तेल, ओलं फडकं नको. लाखेचं पॉलिश खराब होतं.
- माळ्यावर असेल तर वर्षातून दोनदा तरी खाली काढून वाळवी, कसर बघा.
- तडा दिसला तर घरी फेव्हिकॉल भरू नका. तडा आणि जवारी, दोन्ही कामं जाणकार कारागिराकडूनच करून घ्या.
- प्रवासात भोपळ्याच्या सगळ्या बाजूंनी गादी किंवा रजई हवी. तानपुरा पडतो तो भोपळ्यावरच!